भिंतीतला पाइप

आमच्या बांधकामांची कागदपत्रं मावशी सांभाळते; साइटवर ती कधीच येत नाही. एका नामांकित जिमच्या नव्या शाखेचं काम आम्हाला मिळालं. जिमच्या कंपनीनं दिलेला नकाशा बघताना मावशीनं आरशांच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"इथं ड्रिल लावू नका. आत पाण्याचा पाइप आहे."

"नकाशात तर नाही," मी म्हणालो.

"यात नाही रे. तिथं आधी दवाखाना होता, त्याच्या परवान्याच्या फायलीत आहे. कमरेएवढ्या उंचीवर."

साइटवर हे ऐकून मिस्त्री हसला, तरी त्यानं छिन्नीनं अलगद प्लॅस्टर उकरलं. बरोबर कमरेच्या उंचीवर थंडगार पाइप हाताला लागला.

आरसे समोरच्या भिंतीवर गेले. आता कुठल्याही भिंतीला हात लावण्याआधी मिस्त्री मावशीला फोन करतो.