गारगोटीची पूड

माझ्या नवऱ्याला सावली गावाच्या बाजूच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं. तिथे गारगोटीचे दगड दळून काचवाल्यांसाठी पूड करत. चक्क्यांची देखभाल त्याच्याकडे होती. संध्याकाळी प्रतापनगरला घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. तोंडाला साधा रुमाल. चांगला मास्क मागितला की शेठ गुजरातीत म्हणायचा, "चालशे." म्हणजे रुमालावर चालेल.

खोकला सुरू झाला तेव्हा आधी टीबीची औषधं झाली. काही फरक पडला नाही. मग एका डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून त्याला कामाबद्दल विचारलं आणि सिलिकोसिस म्हणाले, दगडाच्या पुडीने होणारा फुप्फुसांचा आजार.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून घरी आल्यावर त्याने मला विचारलं, "ही पूड म्हणजे नक्की काय गं?"

मी सांगितलं, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग. नदीतली वाळू बहुतेक हीच.

"मग विरघळेल की कधीतरी."

"नाही."

"औषधानेसुद्धा?"

नाही, मी म्हणाले. छातीत गेलेली पूड बाहेर काढायचा उपाय कुणाकडेच नाही, आणि काम सोडलं तरी आजार वाढत राहतो, हेही सांगितलं. त्याने मान हलवली आणि टीव्ही लाव म्हणाला.

थोड्या दिवसांनी तो हट्टाला पेटला. त्याची नोकरी सुटली होती, आणि त्याच्या जागी लागलेल्या माणसाला सगळं सांगायचं होतं. मी त्याला रिक्षातून कारखान्यावर घेऊन गेले. फाटकाबाहेर तो माणूस चहा पीत उभा होता. माझा नवरा दोन वाक्यांत धापा टाकायला लागला, म्हणून पुढचं मीच सांगितलं. त्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बेन, दुसरीकडे कुठे काम असेल तर सांगा. आजच सोडतो."

आमच्याकडे काम नव्हतं. त्याने ग्लास ठेवला, रुमाल नाकावर ओढला आणि आत गेला.

आता घरात ऑक्सिजनचं मशीन चालू असतं. वीज गेली की सिलिंडर लावते. नवरा आडवा होऊ शकत नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपतो. डॉक्टर तपासतात, तीच औषधं पुन्हा लिहितात. कधी बरं वाटेल, हे तो त्यांना आता विचारत नाही.