करवतीच्या कपाळावरचं गंध

सर्व लहानथोरांस, विशेषतः जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणाऱ्या आणि ती विश्वासाने विकत घेणाऱ्या मंडळींस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की कुंभकोणम् शहरात इंजिनाच्या करवतीला भर कपाळावर गंध लावण्याचा पहिला गुन्हा प्रस्तुत लेखकाच्या हातून घडला. साक्षीदार पुष्कळ आहेत. लेखक गुन्हा कबूल करतो, आणि शिक्षा म्हणून ही हकीकत लिहितो.

त्या वेळी मी चोविशीतला होतो आणि मामांच्या दुकानात होतो. आमचं घराणं तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेलं. पूर्वजांनी दरबारात मोडी कागद लिहिले, आजोबांनी कचेरीत इंग्रजी कागद लिहिले, आणि मामांनी एके दिवशी कागद सोडून पाना हातात घेतला. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं निकामी सामान मद्रासेला लिलावात निघे. लोक तिथून तंबू, बूट, कंदील आणत. मामांनी आणल्या करवती! हाताच्या नव्हेत. पेट्रोलवर चालणाऱ्या, दोन माणसांनी उचलायच्या, लांब पट्टीवरून दातेरी साखळी धावणाऱ्या. एकूण सात नग. त्यातला एकही जिवंत नव्हता.

मामांनी त्या सातांमधून तीन जिवंत केल्या. तेव्हा मी जे पाहिलं त्याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. रॉकेलच्या परातीत एकेक अवयव बुडायचा, काळा गोळा आत जायचा आणि बाहेर चकचकीत पितळ यायचं. साखळीचा एकेक दात मामा कानशीने घासत, डोळ्याजवळ धरून बघत, पुन्हा घासत. एका दाताचं तोंड डावीकडे, पुढच्याचं उजवीकडे, मधला नुसता भुसा ओढून काढणारा. इतकी शिस्त मी देवळाच्या गोपुरावरच्या मूर्तींतही पाहिली नव्हती. उरलेल्या चार करवतींचे सुटे भाग बिस्किटांच्या डब्यांत गेले. डब्यांवर मामांनी मोडीत चिठ्ठ्या लावल्या, त्यामुळे ते स्वतः दुकानात नसले की कुणालाही काही सापडत नसे.

दुकान बघायला गर्दी असे. घ्यायला कुणी नसे. लाकडाच्या वखारीवाले येत, पट्टीला बोट लावत, बोट चटकन मागे घेत, आणि म्हणत, "भयंकर आहे हो, रायर." तमिळ लोक आम्हा मराठ्यांना रायर म्हणतात. "भयंकर" हा शब्द ते अशा भक्तिभावाने उच्चारत की मामांना वाटे, सौदा झालाच. मग वखारवाले चपला घालून निघून जात. एकाने सुटी साखळी मागितली तेव्हा मामा खुर्चीवरून उठलेच.

"कोणत्या करवतीसाठी?"

"करवत कसली? माझी म्हैस दावं तोडते."

दोन वर्षं अशी गेली. मामी म्हणायची, "तुम्हांस यंत्र विकायचें आहे कीं त्याचें देऊळ बांधायचें आहे?" (आमची घरातली बोली अशीच. पुण्याचा एक पाहुणा आला होता, तो म्हणाला, तुम्ही जेवायला बसलात तरी बखर वाचल्यासारखं वाटतं.)

आता गुन्ह्याकडे येतो. खंडेनवमी, म्हणजे इकडची आयुधपूजा. त्या दिवशी सगळा गाव आपापली हत्यारं धुऊनपुसून त्यांना गंधफूल वाहतो. न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री, बस कंपनीची अख्खी बस. आमच्या तीन करवती आम्ही केळीच्या पानांवर ओळीने मांडल्या. उदबत्ती मामांकडे, गंध माझ्याकडे. मी पाहिलं, करवतीला पट्टी म्हणजे सोंड, दोन मुठी म्हणजे कान, कपाळ कुठे? तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण. गोल, पितळी, मधोमध. जणू कारखानदाराने आमच्या सणासाठीच बसवलेलं. मी तिन्ही झाकणांवर रुपयाएवढं दाट गंध थापलं आणि वर कुंकवाचा ठिपका दिला. मामा दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. त्यांचे डोळे पाणावले.

"मुख आलें रे तिला!" म्हणाले.

मग काही आठवडे करवतींना कुणी हात लावला नाही. गंध वाळून खपली झालं. कुंकू उडालं. मला ते दिसत होतं, पण ते खरवडून काढावंसं वाटलं नाही. देवाचं होतं.

कार्तिकात वादळ आलं. एक रात्र आणि अर्धा दिवस वारा असा फिरला की सकाळी रस्त्यावर कुणाचं कौल कुणाच्या अंगणात ते कळेना. दुपारी दारासुरमहून हातकरवतीवाला म्हातारा आसारी आला. आसारी म्हणजे सुतार. पंचक्रोशीतलं अवघड लाकूड यानेच चिरायचं. आमच्या दुकानावर त्याचा एवढा राग की समोरून जाताना तो पलीकडच्या बाजूने जाई. आज तो सरळ आत आला आणि करवतींकडे न बघता म्हणाला,

"रायर, हे तुमचं भूत खरंच कापतं का?"

"म्हणजे काय?" मामा म्हणाले.

"मग बैलगाडी आणलीय. चला."

दारासुरम् म्हणजे रेशीम विणणाऱ्यांचं गाव. गल्लीतून जावं तर दोन्ही बाजूंनी मागांची खटखट. त्या दिवशी गल्ली गप्प होती. टोकाच्या घरावर मागच्या अंगणातला कडुनिंब पडला होता. मुळांचा गड्डा निम्मा उपटून अंगणात, खोड मागच्या भिंतीवर टेकलेलं, आणि शेंडा छप्पर फोडून आत. घराची मालकीण, पन्नाशीची विणकरीण, दारात उभी होती. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून मागावर तीच बसे. तिने बोटाने आत दाखवलं.

मी डोकावलो आणि तसाच उभा राहिलो. जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला तिचा माग. त्यावर लालबुंद रेशमाचा ताणा, वीणेच्या तारांसारखा ओढलेला. आणि त्याच्या वीतभर वर, तुळईच्या एका तुकड्यावर अडकून, कडुनिंबाची मांडीएवढी फांदी. फुटक्या छपरातून उजेडाचा एकच पट्टा येत होता आणि तो नेमका विणून झालेल्या जरीच्या काठावर पडला होता. वर सगळा उत्पात, खाली तो काठ जसाच्या तसा, त्यावर कडुनिंबाचं एक पान. आवाज केला तर हे मोडेल असं वाटून मी श्वास रोखला.

"मुलीची लग्नाची," विणकरीण म्हणाली. "आठ दिवसांवर लग्न. आजवर सगळ्या गावच्या नवऱ्या मुलींच्या विणल्या, घरची ही पहिली. दीड हात राहिलीय."

"मग कापून बाहेर का काढत नाही, अम्मा?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरलो. "लग्नाची साडी अर्धी कापू? तुमच्यात कापतात?"

आसारीने मग अडचण सांगितली. पावसाने माती भिजली होती. मुळांचा गड्डा हळूहळू खचत होता आणि त्याबरोबर खोड वळत होतं. खोड वळलं की फांदी तुळईवरून सुटणार. आत मागाभोवती त्याने फांदीला नारळाच्या खोडांचे चार टेकू लावले होते, पण वळण थांबवायचं तर गड्डा आणि भिंत यांच्यामध्ये खोड कापून वेगळं करायला हवं होतं.

"माझी करवत दोघांनी पुढेमागे ओढायची," तो म्हणाला. "एका हिसक्याला भिंत हलते. मी हात ठेवून पाहिलं. तुमची हिसका देत नाही म्हणतात."

"लोण्यातून सुरी," मामा म्हणाले.

"बघू."

इंजिनाकडे मामा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाची मूठ धरायला माणूस हवा होता. आसारीने कुणाला विचारलं नाही. धोतर खोचलं आणि मूठ धरली. मामांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा!

वाचकहो, त्या गल्लीने देवळातले नगारे ऐकले होते, रथाची चाकं ऐकली होती. हे नव्हतं ऐकलं. भातशेतातले बगळे एकदम उठले. गाई दावी ताणून उभ्या राहिल्या. लोक मागे पळाले आणि लगेच, तितक्याच वेगाने, पुढे आले. साखळी खोडाला लागली आणि पांढऱ्या भुशाचं कारंजं उडालं. कडुनिंबाचा कडू वास नाकातोंडात भरला. मी भिंतीला तळहात लावून होतो. भिंत हलत नव्हती! आसारी मुठीकडे बघत होता. चाळीस वर्षं ज्या कामाने त्याचे खांदे वाकवले होते ते त्याच्या डोळ्यांदेखत आपोआप होत होतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि आत भुसा जात होता.

निम्मं खोड कापलं गेलं आणि करवत घरघरली, खोकली, बंद पडली.

शांततेत कडुनिंब कुरकुरला. निम्मं कापलेलं खोड आता कुठूनही फाटलं असतं, आणि फाटलं असतं तर टेकूंचा काही उपयोग नव्हता. मी कापात दोन पाचरी ठोकल्या. मामांनी झाकण उघडलं, पेट्रोल होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, करवत चालू. जेमतेम चार बोटं कापलं, पुन्हा बंद. पुन्हा झाकण उघडलं, पेट्रोल आहे. लावलं, ओढली, चालू. थोड्या वेळाने बंद.

"प्लग," मामा म्हणाले. प्लग बदलला. "मॅग्नेटो," म्हणाले, आणि त्यांचा आवाज बारीक झाला, कारण ठिणगी पाडणारा तो भाग तिथे दुरुस्त होण्यातला नव्हता. घरातून कट्ट असा आवाज आला. विणकरीण ओरडली नाही. तिने फक्त पदर तोंडात धरला.

तेव्हा माझी नजर झाकणावर गेली.

पिवळी खपली. त्याच क्षणी मला आठवलं, झाकणाच्या मधोमध सुई जाईल एवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते. ती त्या भोकातून येते. मामा झाकण उघडत तेव्हा हवा आत जाई. लावलं की माझं गंध तिचा गळा दाबी. खंडेनवमीला मी करवतीच्या कपाळाला नव्हे, नाकाला गंध लावलं होतं.

"अम्मा, टाचणी आहे?"

तुटलेला धागा उचलायची तिची सुई कमरेलाच होती. मी ती खपलीत खुपसली, फिरवली. आणि झाकणाखालून आवाज आला: फुस्स्. एवढासाच. झोपलेल्या तान्ह्या बाळाने घ्यावा एवढा श्वास. सात करवतींच्या हाडांतून उभं केलेलं ते लोखंडी धूड, सगळी गल्ली हादरवणारं, त्याचा जीव एवढ्याशा श्वासावर होता!

मामांनी सुईचं पिवळं टोक पाहिलं. मग मला पाहिलं. मग गर्दीकडे वळून मोठ्याने जाहीर केलं, "हवेचें प्रमाण दुरुस्त केलें आहे!"

आसारी वाकला, सुईचा वास घेतला. "चंदन," म्हणाला. "गंध मीही लावतो, रायर. पण माझ्या करवतीला नाक नाही, ते बरं आहे."

दोरी ओढली. या वेळी करवत थांबली नाही. शेवटचा वीतभर भाग कापला गेला, आणि मग खोड दुभंगलं, गड्ड्याकडचा भाग चिखलात धप्पकन बसला, घराकडचा भाग इंचभर उठला आणि टेकूंवर स्थिरावला. भिंत उभी. आसारी आत गेला, एकेका टेकूवर मूठ मारून पाहिली, भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिला. मग बाहेर येऊन विणकरणीला म्हणाला, "जा."

ती गेली. आम्ही दारात गर्दी केली. मामा मात्र अंगणातच होते. आवाज ऐकून वखारवालेही आले होते, दोन वर्षांत पहिल्यांदाच ते चपला न घालता उभे होते, आणि अशा वेळी इंजिन बंद करणारा विक्रेता अजून जन्माला यायचा आहे. ते करवतीच्या मुठी आवळत होते, ती गर्जत होती, लोक डोळे विस्फारून बघत होते.

आत ती फांदीखालून वाकून मागाच्या खड्ड्यात उतरली. साडीवरचं पान तिने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं. ताण्यावरून हात फिरवला. पायाखालची पावडी दाबली, लाल धागे वर झाले, खाली झाले. धोटा डावीकडून उजवीकडे टाकला, फणी ओढली. मग कान मागाजवळ नेला. पुन्हा धोटा टाकला, पुन्हा कान नेला. तिच्या कपाळाला आठी पडली. ती वळली आणि आमच्या डोक्यांवरून, अंगणातल्या त्या साऱ्या गर्जनेवर आवाज चढवून ओरडली,

"रायर, बंद करा ते तुमचं! माझा माग चालतोय की नाही, ऐकू तरी येऊ द्या!"