राहिलेलं कडवं

पास्कोल गेल्याचं मला त्याच्या हॉटेलातल्या वेटरने सांगितलं. सलमानिया हॉस्पिटलच्या दारात मी पास्कोलसाठी आणलेला पेजेचा डबा धरून उभा होतो... "खलास, भाऊ," एवढंच तो म्हणाला. त्याला आता दीड महिना होईल. रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. राहिलेलं कडवं आता कोण म्हणणार?

पास्कोल वसईचा. इथे आखातात, मनामातल्या हॉटेलात इंग्रजी गाणी गाऊन पोट भरायचा, पण जीव सगळा गावाकडच्या गाण्यांत. मी गुहागरचा ड्रायव्हर, हौसेने ढोलकी वाजवणारा. हिद्दला त्याच्या खोलीत आम्ही एक कॅसेट भरली. खिडक्यांना गाद्या लावल्या आणि घरघर टेपमध्ये येते म्हणून एसी बंद. तोही ऑगस्टात! "यल्ला, मेलास तरी ठेका सोडू नकोस," म्हणून हा गधडा हसायचा. लग्नात ऐकलेलं होडीचं गाणं त्याने सगळ्यात जीव लावून म्हटलं. कव्हरवर आम्ही ऐटीत छापलं, 'पारंपरिक'.

कॅसेट कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, विकायला ठेवली आणि थोड्याच दिवसांत उत्तनचा एक फिटर दारात उभा. "हे माझ्या काकाचं गाणं हाय. काका जिता हाय अजून. कुणाला विचारलंत?" आमची पाचावर धारण बसली. तक्रार स्पॉन्सरपर्यंत गेली तर व्हिसा रद्द आणि दोघंही घरी. कॅसेटी परत आणून पलंगाखाली कोंबल्या. दारावर थाप पडली की पास्कोल बाथरूममध्ये शिरायचा. मी त्याला भित्रा म्हणायचो, आणि पोलिसांची जीप दिसली की स्वतः उगाच गाडी हळू करायचो.

पण सुट्टीवर गेला तेव्हा हा भित्राच उत्तनला म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने गाणं म्हणायला लावलं आणि विचारलं, "शेवटचं कडवं कुठाय?" पास्कोलला ते ठाऊकच नव्हतं. त्यात म्हाताऱ्याच्या बुडालेल्या भावाचं नाव येतं. लग्नात अशुभ नको म्हणून लोक ते गाळत गेले, आणि गाणं कुणाचं हेही विसरले. "विक खुशाल," म्हातारा म्हणाला, "पन माझ्या भावाला वगळून नाय."

परत आल्यावर ठेका बसावा म्हणून पास्कोलने म्हाताऱ्याकडून शिकून आलेलं ते कडवं माझ्याकडून पाठ करून घेतलं. कॅसेट नव्याने भरायची ठरली. पण म्हणायला बसला की त्याचा आवाज कापायचा. "बुडालेल्याचं नाव घ्यायला भीती वाटते रे. पुढच्या शुक्रवारी, इंशाल्ला." शुक्रवार पुढे जात राहिले... आणि मग एक दिवस त्याच्या छातीत दुखू लागलं.

परवा त्याचं सामान आवरायला गेलो. तो फिटरही आला होता. काका अंथरुणाला खिळलाय, कॅसेट आली का विचारतो, असा घरून निरोप होता. फिटरला स्वतःला ते कडवं येत नाही. म्हणजे आता येतं ते त्या म्हाताऱ्याला आणि मला. माझा गळा म्हणजे गाडीचा हॉर्न. फिटर टेपच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता.

मी उठलो आणि एसी बंद केला.