गाडीच्या मानेवरचा अंगारा

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हणणार नाही. उडायला तो तेवढा घट्ट कधीच नव्हता. सकाळी आंघोळ झाली की तसबिरीपुढे हात जोडायचे आणि शाळेत शिकवायला जायचं, एवढाच आमचा संबंध. त्या दिवसांत तेही सुटलं. माझी बायको मुंबईच्या इस्पितळात बेशुद्ध पडली होती आणि मला कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. हा कुठला न्याय, असं तसबिरीला विचारावंसंही वाटत नव्हतं. ऐकणारं कुणी असेल तर विचारायचं.

तिच्या माहेरून, गव्हाणहून, आम्ही माझ्या मोटारसायकलवर पनवेलला परतत होतो. मिठागरांच्या कडेने रस्ता वळतो तिथे एक म्हैस बांध चढून एकदम वर आली. तिला चुकवताना गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. मी चिखलात पडलो, बायको दगडांवर. मुंबईत तिच्या उशाशी बसून बसून मी तिला हाका मारल्या, पण तिने डोळे उघडले नाहीत. शेवटी धाकट्या भावाला तिथे बसवून रजा वाढवायला आणि कपडे घ्यायला मी घरी आलो, तर दुसऱ्या सकाळी त्याची तार आली. ताबडतोब निघा, एवढंच होतं तारेत.

एस. टी. दुपारी सुटायची आणि ठाण्यावरून थांबे घेत रखडत पोचायची. म्हणून मी तार खिशात घालून इब्राहिमभाईंच्या गॅरेजकडे पळालो. अपघातानंतर गाडी बैलगाडीत घालून त्यांच्याकडे आणली होती. पुढचं चाक आणि हँडल त्यांनी ठीक केलं होतं, फक्त फ्रेम बघायची राहिली होती. ती जरा जरी वाकली असेल तर गाडी उताराला एका अंगाला ओढते. त्यांनी रॉकेलच्या फडक्याने फ्रेमवरचा चिखल आणि वंगण पुसून काढलं, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं, मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून एक डोळा मिटून पाहिलं. मला त्यांचा राग येत होता. माणूस तिकडे जातंय आणि हे दोरी बघतायत.

"दोरी तर सरळ आहे मास्तर," ते म्हणाले. "खुदाचं नाव घ्या आणि सावकाश जा."

तेवढ्यात माझ्या सासूबाई आल्या. मिठागरात काम करून त्यांनी एकट्याने या एकुलत्या मुलीला वाढवलं होतं. लेकीची खबर घ्यायला त्या माझ्या घरी आल्या होत्या, तिथे शेजाऱ्यांनी तारेचं सांगितलं. "मना बी न्या जावई," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "आई, तुम्हाला नाही जमायचं मागे बसायला. दुपारच्या गाडीने या." खरं म्हणजे ती जिथे बसायची तिथे दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नव्हतं.

त्या गाडीजवळ गेल्या. कनवटीची पुरचुंडी सोडली आणि गावदेवीचा अंगारा काढून गाडीच्या मानेला, म्हणजे दिव्याच्या मागे जिथे हँडल फ्रेममध्ये बसतं तिथे, चांगला मूठभर चोळला. त्यांच्याकडे पडून उठलेल्याला अंगारा लावल्याशिवाय परत कामाला जुंपत नाहीत. माझा तोल गेला. "तुमची देवी त्या दिवशी कुठे गेली होती?" असं मी सगळ्यांदेखत विचारलं.

"ते मना काय म्हाईत," त्या म्हणाल्या. "पडलेल्याला लावायचा. मानूस असो, बैल असो, नाय तर होडी."

मी चिडून फडकं उचललं आणि राख पुसायला वाकलो. पांढऱ्या राखेत एक काळी ओली रेघ उमटत होती. केसाएवढी बारीक, पण मानेला अर्धा वेढा घालून खाली गेलेली. मी पुसायचा थांबलो. इब्राहिमभाईंनी बोट लावून पाहिलं. भेगेत मुरलेलं रॉकेल राखेने बाहेर ओढलं होतं. दोरीला वाक कळतो, भेग कळत नाही. "मुंब्र्याच्या उतारावर मान तुटली असती," ते म्हणाले.

कुणाला वाटेल मी तिथेच हात जोडले. मला फक्त एवढंच कळलं की आता तिच्यापाशी वेळेवर पोचता येणार नाही. दुपारच्या एस. टी. त सासूबाईंच्या शेजारी बसलो तेव्हा सगळा जीव खचला होता. देवीने मला वाचवलं असेल तर कशासाठी, याच रागात मी ठाण्यापर्यंत गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा तिचा श्वास चालू होता. सासूबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने डोळे उघडले. "आये," म्हणाली. माझ्याकडे तिची नजर वळली नाही. त्याच रात्री ती गेली. मी म्हटल्याप्रमाणे पुढे निघालो असतो, तर कधी मुंबई न पाहिलेल्या सासूबाई एकट्या इस्पितळापर्यंत पोचल्या नसत्या आणि हा हात तिला मिळाला नसता. मीही पोचलो नसतो.

दुःख त्यामुळे कमी झालं नाही, आजही नाही. हवं होतं ते मिळालं नाही, मिळालं ते मी मागितलं नव्हतं. ते घ्यायला मला फार दिवस लागले. गव्हाणला सासूबाईंना दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना मी माझ्याकडे घेऊन आलो. मी बाहेर निघालो की त्या अंगारा घेऊन दारात उभ्या राहतात आणि मी मान वाकवतो.

एकदा मी त्यांना विचारलं, "आई, गाडीला अंगारा लावताना तुम्ही देवीकडे काय मागितलं होतं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमा दोगांना मांगितलं व्हतं. येक दिला."

त्या दिवशी संध्याकाळी मी तसबिरीपुढे दिवा लावला.