अठरा सेकंदांचा फर्लांग

जुनी मोटार बघायला जायचं ते सकाळी, आणि मालकाला नक्की वेळ न सांगता. हे मत मूळ माझ्या बाबांचं. बेळगावच्या मोटारस्टँडामागे त्यांची दुरुस्तीची शेड होती, आणि माझं अर्धं लहानपण त्या शेडमध्ये गेलं. बाबा म्हणायचे, गेल्या गेल्या गाडी चालू करायला सांगू नये. आधी गप्पांच्या ओघात बॉनेटवर हात ठेवावा. बॉनेट गरम लागलं, तर आपण यायच्या आधीच मालकानं इंजिन तापवून ठेवलेलं असतं. थंड असलं की ते सुरू व्हायला रडतं, एवढं त्यावरून समजून घ्यावं.

लग्न होऊन मी बेंगळुरात आले त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही मोटार घ्यायचं ठरवलं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. घर चामराजपेटेत. आमचे हे सरकारी कचेरीत नकाशे काढत. चष्म्याची भिंगं इतकी जाड की मोटार चालवणं त्यांच्या नशिबात नव्हतं, त्यामुळे लायसन माझ्या नावाचं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. घरात तिसरे मामंजी, माझे सासरे. सारी हयात त्यांनी रेल्वेत गार्ड म्हणून काढली होती, आणि मोटारीबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं.

"रूळ नाही, सिग्नल नाही, मागे गार्ड नाही," ते म्हणाले. "ज्याला हवं तो हवं तिकडे वळतो. ह्याला काय वाहतूक म्हणायची?"

पहिली गाडी बघितली ती कँटोनमेंटात. हिरवीगार, आरशासारखी चकचकीत. मालक सुटाबुटातला, गोड बोलणारा. तो ह्यांना सीटचं कातडं दाखवत होता, तेवढ्यात मी बॉनेटवर हात टेकला. चांगलंच तापलेलं होतं.

"उद्या सकाळी येतो," मी म्हटलं. "गाडी रात्रभर उभीच राहू दे. मी स्वतः सुरू करून बघेन."

मालक हसला आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "साहेब, घरच्यांना रंग पसंत आहे ना? बाकीचं आपण दोघं बघू."

हे चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवून म्हणाले, "रंग मी बघतो. इंजिन ही बघते. आणि हिला ते पसंत दिसत नाही."

त्या बंगल्याच्या फाटकाबाहेर आल्यावर मी इतकी खूश होते की गाडी न मिळाल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.

दुसरी गाडी बसवनगुडीत, डोळ्यांच्या एका निवृत्त डॉक्टरांची. लहानशी, काळी, विलायती बनावटीची. आंब्याच्या झाडाखाली उभी होती आणि वर पाचोळा साचला होता. एका मडगार्डाला पोचा. वेग दाखवणारा काटा कधीचा मेलेला. ह्यांचा चेहरा पडला. मी मात्र दार उघडून आधी खाली, पायाशी बघितलं.

गाडी घेताना आधी माणूस बघावा, आणि माणूस बघायचा तर त्याच्या पायाखालचे पेडल बघावेत. उगाच क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याचं रबर एका बाजूनं झिजून गुळगुळीत होतं. सारखा ब्रेक मारणाऱ्याचं दुसरीकडे झिजतं. डॉक्टरांच्या पेडलांवरच्या रेषा इतक्या वर्षांनंतरही शाबूत होत्या. टायर चारही सारखे झिजलेले. इंजिनातलं तेल मी दोन बोटांत चोळून बघितलं. कुठे कणी लागली नाही. बॉनेट थंडगार.

मी इंजिन फिरवायचं हँडल पुढून लावलं. डॉक्टर व्हरांड्यातून खाली उतरून आले. पहिल्या फेरीला इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्या फेरीला सुरू झालं, आणि शिवणाच्या यंत्रासारखं एकसुरी चालायला लागलं.

"हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवलात," डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले. "कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. अंगठा पलीकडून धरला आणि इंजिननं उलटा झटका दिला, तर मनगट मोडतं."

"माझ्याकडे अशी मोडलेली मनगटं घेऊन लोक यायचे. मी डोळ्यांचा डॉक्टर असून," ते म्हणाले. मग गाडीच्या टपावरचा पाचोळा स्वतःच्या हातानं झाडत म्हणाले, "दोघंजण बघून गेले. दोघांनी आधी मडगार्डाचा पोचा बघितला. गाडी तुम्ही न्या."

परत येताना हे शेजारी बसले होते. गांधी बाजाराच्या कोपऱ्यावर मी वळण घेतलं तेव्हा ते एकदम म्हणाले, "अगं, ही तर तुझ्या आवाजात गुणगुणते." ह्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

गाडीची निगा म्हणजे रविवारी फडकं मारणं नव्हे. बाहेरून चमकणाऱ्या आणि खालून गंजलेल्या गाड्या मी पुष्कळ बघितल्या आहेत. मी आधी मडगार्डांच्या आतून चिखल काढायची, वरचं धुणं सगळ्यात शेवटी. रेडिएटरात विहिरीचं जड पाणी घालायची नाही. पावसाचं पाणी कापडातून गाळून घागरीत ठेवायची. आणि रोज संध्याकाळी गाडीखाली एक वर्तमानपत्र पसरायची. सकाळी त्यावर काय ठिबकलंय ते बघितलं की गाडीची तब्येत कळते. काळा थेंब इंजिनाचा, पातळ डाग ब्रेकचा, नुसती ओल म्हणजे पाणी.

यावरून घरात भांडण झालं. मामंजींना कालचा पेपर आज दुपारी पुन्हा वाचायची सवय होती, आणि तो त्यांना गाडीखाली सापडला.

"माझा पेपर ह्या डब्याच्या पोटाखाली?" ते अंगणातून ओरडले. मी बाहेर आले तर ते ओणवे होऊन पेपर ओढत होते. ओढता ओढता थांबले. "हा डाग कसला?"

मी सांगितलं. ते तसेच ओणवे राहून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्यातही तपासणी असते तर." रेल्वेत गाड्या सुटायच्या आधी चाकं ठोकून बघायचे, असं ते नेहमी सांगत. दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवत होते, तर मागच्या दारातून त्यांचा आवाज आला, "आज एकच थेंब. काळा." त्यानंतर ती खबर मला रोज सकाळी, न मागता मिळू लागली.

वर्षभरानं हे कचेरीतून एक कागद घेऊन आले. कँटोनमेंटातल्या मोटारशौकिनांच्या एका मंडळानं स्पर्धा ठेवली होती. बेंगळूर ते नंदीचा डोंगर, माथ्यापर्यंत. शर्यत नव्हती. सपाटीला ताशी पंचवीस मैल, घाटात पंधरा, इतक्याच वेगानं जायचं. वाटेत तपासणीची गुप्त ठिकाणं. तिथं उशिरा पोचलं तरी गुण जाणार, लवकर पोचलं तरीही. बॉनेटला तार बांधून शिशाचं सील लावणार. ते फोडून रेडिएटरात पाणी घातलं की गुण गेलेच. म्हणजे गाडीची निगा आणि चालवणाऱ्याचा संयम, दोन्हींची परीक्षा. मी कागद तीनदा वाचला.

नाव द्यायला गेले तेव्हा टेबलामागचे गृहस्थ सौजन्यानं म्हणाले की बायकांसाठी वेगळं बक्षीस आहे.

"मला वेगळं नको," मी म्हटलं. "जे सगळ्यांना आहे त्यातच नाव लिहा."

अडचण दुसरीच होती. आमच्या गाडीचा वेगाचा काटा बंद. त्या बनावटीचा सुटा भाग कुठे मिळत नव्हता. शेजारी बसून वेळ बघायला कुणीतरी हवं, आणि ह्यांना वळणावळणाच्या रस्त्यात घेरी येई. जेवताना आम्ही दोघं ह्याच विवंचनेत होतो. मामंजी ताक पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले, "वेळेवर पोचायचं, लवकरही नाही न् उशिराही नाही, असंच ना? मग हे मोटारवाल्यांचं काम नाही. गार्डाचं आहे."

मी पाटी घेऊन बसले. ताशी पंचवीस मैल म्हणजे मैलाला एकशे चव्वेचाळीस सेकंद. मैलाचे फर्लांग आठ, आणि रस्त्याच्या कडेला दर फर्लांगाला दगड. फर्लांगाला बरोबर अठरा सेकंद. घाटात पंधराचा वेग, म्हणजे फर्लांगाला तीस.

"सरी, बरोबर," मामंजी म्हणाले. "काट्याची गरजच काय मग?"

दोन रविवार आम्ही येलहंक्याच्या रस्त्यावर सराव केला. ते खिडकीतून दगड बघत, हातातल्या घड्याळावर नजर टाकत आणि एकेक शब्द बोलत. "सोळा. घाई." "वीस. सुस्ती." "अठरा." दुसऱ्या रविवारी दुपारपर्यंत माझ्या पायालाच अठरा सेकंद कळायला लागले होते.

स्पर्धेच्या सकाळी मामंजी पांढरा गार्डाचा कोट घालून आले. निवृत्तीनंतर तो पेटीतून पहिल्यांदा निघाला होता. आजूबाजूला लांबलचक, नव्या कोऱ्या गाड्या होत्या. एका तरुणानं आमच्या पोचा आलेल्या मडगार्डाकडे बघून मित्राला कोपरखळी मारली. मामंजींनी घड्याळ कानाला लावून बघितलं आणि ते म्हणाले, "सुटू दे."

हेब्बाळ मागे पडलं, येलहंका मागे पडलं. पुष्कळजण आम्हाला मागे टाकून भरधाव गेले आणि पुढे झाडाखाली वेळ काढत उभे दिसले. गुप्त तपासणी त्यांना तशी थोडीच सोडणार होती. आमचं मात्र अठरा, अठरा, अठरा. देवनहळ्ळीच्या अलीकडे मेंढ्यांचा भला मोठा कळप रस्त्यावर आला. धनगराला घाई नव्हती, मेंढ्यांना त्याहून नव्हती. मी हॉर्न वाजवायला हात उचलला.

"वाजवू नकोस, बिथरतील," मामंजी शांतपणे म्हणाले. शेवटची मेंढी पार झाल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. "अडीच मिनिटं उशीर."

"आता?"

"आता काय, गाडी रोज थोडीच वेळेवर सुटते? वाटेत भरून काढायचं. फर्लांगाला पंधरा सेकंद. दर दगडाला तीन सेकंद मिळतील. पन्नास दगड. स्वल्प दमानं, उडी नको."

पन्नास दगड त्यांनी मोजले. मोठ्यानं, एकाच पट्टीत. एकोणपन्नासाव्याला म्हणाले, "पुढच्याला पाय हलका कर." पन्नासावा दगड गेला, मी पाय हलका केला, आणि पुढच्याच वळणावर चिंचेखाली टेबल मांडून तपासनीस बसलेले! त्यांनी वेळ लिहून घेतली आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामंजी समोर बघत होते, पण मिशीचं टोक हललेलं मला दिसलं.

मग घाट. चढ लागल्यावर इंजिन गुदमरेपर्यंत वरच्या गियरमध्ये रेटत नेणं ह्याला लोक मर्दुमकी समजतात. मी चढ दिसताच, गाडीनं मागायच्या आधीच, खालचा गियर टाकते. बैलालासुद्धा आपण चढाच्या मध्यावर नाही, पायथ्याशी चुचकारतो. वळणावळणावर मोठ्या गाड्या तोंडातून वाफ सोडत उभ्या होत्या. तो कोपरखळीवाला तरुण सील फोडून, हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण काढत होता. आमची काळी त्याच्या शेजारून गुणगुणत वर गेली. "तीस," मामंजी म्हणाले. पुढच्या दगडाला पुन्हा, "तीस."

माथ्यावर गार वारं सुटलं होतं. तपासनिसांनी आमचं सील बघितलं, शाबूत. बॉनेट उघडून रेडिएटरात काडी घातली. पाणी वाटीभरदेखील कमी झालेलं नव्हतं. त्यांच्यातले एक म्हातारे, इंग्रजी वळणाचे गृहस्थ बराच वेळ ते ओलं टोक बघत राहिले.

तासाभरानं निकाल वाचला. पहिला नंबर आमचा. सबंध वाटेत मिळून चार सेकंदांचा फरक. टेबलामागचे ते सौजन्यमूर्ती कप घेऊन पुढे आले आणि त्यांनी सरळ मामंजींचा हात हातात घेऊन हलवला. "अभिनंदन! ह्या वयात काय गाडी चालवलीत!"

मामंजींनी आपला हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे दाखवलं. "ड्रायव्हर ही," ते त्यांच्या रेल्वेच्या इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी गार्ड."

टाळ्या वाजल्या. कोपरखळीवाल्या तरुणानंही वाजवल्या, हाताला रुमाल तसाच. नंतर तो माझ्याजवळ आला आणि त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "अक्का, तुम्ही रेडिएटरात घालता तरी काय?"

"पावसाचं पाणी," मी म्हटलं.

उतरताना मी सावकाश आले. ब्रेक तापू नयेत म्हणून चढताना जो गियर तोच उतरताना, हाही बाबांचाच नियम. बाबांना तार करायची ठरली. मजकूर मामंजींनी वाटेतच तयार केला आणि शब्द कमी करत करत तीनवर आणला: मुलगी पहिली आली.

चामराजपेटेत शिरलो तेव्हा ऊन कललं होतं. मी घराकडे वळायला लागले.

"सरळ घे," मामंजी म्हणाले.

"घर इकडे आहे, मामंजी."

"ठाऊक आहे. चाळीस वर्षं राहतोय." त्यांनी कप मांडीवरून उचलून खिडकीच्या काठावर, बाहेरून दिसेल असा धरला. "पहिल्या मेन रोडनं जाऊ, मग दुसऱ्यानं. पाचही मेन रोड घे."

"किती वेगानं?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळ कोटाच्या खिशात टाकलं. "सगळ्यांना बघता येईल इतक्या."