आईची नारिंगी साडी आणि सात होड्या

माझ्या आईवर, म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर तीस वर्षं मासळी विकणाऱ्या एका निरपराध बाईवर, गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, भर समुद्रात काळी साडी नेसण्याची सक्ती करण्यात आली. सक्ती करणारी व्यक्ती अद्याप मोकाट आहे. हा मजकूर तीच लिहिते आहे.

मी पत्रकं लिहिते. मच्छीमारांच्या प्रश्नांवर, जेट्टीच्या फुटलेल्या पायऱ्यांवर, बाजारात मासेवाल्या बायांना सावली नाही यावर. सवय अशी लागली आहे की घरात मिठाची बरणी सापडली नाही तरी मी "जबाबदारी निश्चित करा!" म्हणते. (जबाबदार बहुतेक वेळा मीच निघते.)

तर झालं असं. मुंबईला नोकरी करणाऱ्या माझ्या दादाला त्याच्या कंपनीकडून क्रूझची दोन तिकिटं बक्षीस मिळाली. गोव्याहून दुपारी निघायचं, सकाळी मुंबई. वहिनीला दिवस गेलेले, म्हणून दादाने ती आईबाबांना देऊन टाकली. बाबांनी बातमी ऐकली आणि जाळं विणायची सुई खाली न ठेवता विचारलं,

"बोटीत बसूक? माका? मगे मी रोज काय हत्तीर बसतंय?"

"बाबा, दहा मजली बोट आहे. वर पोहायचा तलाव आहे!"

"दर्यात बोट, बोटीत तलाव. आणि त्या तलावात काय, आणि एक होडी?"

विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं. आई पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमी येव नकात. मी जातलंय."

सुई थांबली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तीस वर्षांच्या संसारात आई बाबांच्या होडीत एकदाही बसलेली नाही. आमच्याकडे बाया होडीत जात नाहीत. कोणी मनाई केलेली नाही, आणि कोणी बोलावलेलंही नाही. (या विषयावर माझं एक पत्रक आहे. घरात कोणी वाचलेलं नाही.) बाबा दर्यावर जातात आणि आई काठावर थांबते. दिवेलागणीला ती पडवीतला बल्ब लावते आणि येणाऱ्या होड्या मोजते. आमची होडी मोजून झाली की मगच चुलीवर भात चढतो.

"तुमी सांजचे जंय आसतास, थंयसून आपलो गाव कसो दिसता, ता माका एकदा बघूचा आसा," आई म्हणाली. "बाकी तो तलाव नि बिलाव तुमचो तुमका."

बाबांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली. मग जाळ्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "शनवारी माझी जाळी निवतीच्या खडकांभायर आसतली. ती बोट थंयसूनच जाता. जमनीच्या बाजूक उभी रव. मी बघतंय तुका."

"इतक्या माणसांत माका कशी वळाखशात?"

"बावट्याच्या रंगाचा नेस."

आमच्याकडे पाण्यात सोडलेल्या जाळ्याची खूण म्हणून एक बोया तरंगत ठेवतात, बोयावर काठी, काठीला फडक्याचा बावटा. ज्याची जाळी त्याच्या घरातल्या बाईच्या जुन्या साडीचा बावटा. आमचा नारिंगी. भरतीत, धुक्यात, दोन मैलांवरून बाबा तो ओळखतात. दुसऱ्या दिवशी आई बावट्याचा एक तुकडा मुठीत घेऊन मालवणच्या बाजारात गेली आणि दुकानामागून दुकान पालथं घालत तिने त्याच रंगाची साडी मिळवली. (तुकड्याला बांगड्यांचा वास होता. दोन दुकानदारांनी तो हातात घ्यायला नकार दिला. निषेध!)

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी लक्ष घातलं.

दुसरं तिकीट आता माझ्या नावावर होतं आणि दादाच्या फोनवर कपड्यांचे नियम आले होते. ते मी मराठीत उतरवले, वर जाड अक्षरात "प्रवाशांनो, वाचा आणि सावध व्हा!" असं लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवले. दिवसा: सैल, हलके, आरामशीर कपडे. पोहण्याचा वेश फक्त तलावाजवळ. संध्याकाळी: औपचारिक पोशाख, त्या दिवशीचा रंग काळा आणि पांढरा. रबरी चपला चालणार नाहीत.

आईने वाचलं. "सैल, हलके, आरामशीर... ह्या तर माझ्या मॅक्सीचा वर्णन!"

"दिवसाचं सोड. संध्याकाळी काळी साडी लागेल."

"पण तेनी नारिंगी सांगल्यानी."

"बाबा नियम करत नाहीत, आई. उद्या तुला जेवणाच्या दारातून परत पाठवलं म्हणजे? मासेवाली म्हणून हिणवलं म्हणजे? त्यांना बोट दाखवायची संधीच द्यायची नाही!"

माझ्यापुढे आई युक्तिवाद करत नाही. पत्रकं लिहायला लागल्यापासून माझ्याशी कोणीच करत नाही. शेजारच्या सुलोचनाकाकूंची काळी साडी आणली गेली. नारिंगी साडी आईने माझ्या डोळ्यांदेखत पिशवीच्या तळाशी घातली. गोव्याला जाताना बांद्याला बस बदलताना तिने पिशवीत हात घालून ती तिथेच आहे ना, हे दोनदा चाचपलं. मी पाहिलं, पण त्या वेळी मी नियम पुन्हा वाचत होते.

बोटीवर चढताना आईने फुलाफुलांची मॅक्सी घातली होती आणि खांद्यावर टॉवेल होता. मी लाजेने चार पावलं पुढे चालत होते. डेकवर पाहते तो काय, मुंबईच्या निम्म्या बायका तशाच फुलाफुलांच्या सैल झग्यांत! काळा गॉगल लावलेली एक बाई आईजवळ येऊन म्हणाली, "किती सुंदर काफ्तान! कुठून घेतलात?"

"मालवण. सोमवारच्या बाजारात," आई म्हणाली. "शंभर धुणी झाली. रंग काय सोडूक नाय."

बाईने फोनमध्ये टिपून घेतलं. खादीचा जाड कुडता घालून घामाघूम झालेल्या मला मात्र एका रखवालदाराने विचारलं, "तुम्ही कोणासोबत?"

पाच वाजून वीस मिनिटांनी मी आईला खोलीत नेलं आणि काळी साडी नेसवली. मी स्वतः काळी पँट आणि पांढरा शर्ट. नियम म्हणजे नियम. सहाला दहा कमी असताना आम्ही जमिनीच्या बाजूच्या कठड्याशी उभ्या होतो, पिशवी माझ्या हातात (ती खोलीत ठेवायला आई तयार नव्हती). डेकवर सगळेच काळ्यात, जणू एखाद्या झाडावर कावळ्यांची सभा भरली होती, आणि त्यात आई नावाचा अजून एक कावळा.

निवतीचे खडक दिसले. त्यांच्या बाहेर होड्या, टिकल्यांएवढ्या. फोनला रेंज नव्हती.

"ती," आई म्हणाली. "तिसरी. बघ, ते उभे आसत."

मला सगळ्या होड्या सारख्याच दिसत होत्या. पण जवळ येता येता खरंच, एक माणूस उभा होता, कपाळावर हात धरून. तो बोटीचा एकेक मजला बघत होता. खालपासून वर. मग पुन्हा खालपासून. आई हात हलवत होती. काळ्या कपड्यांतली शंभर माणसं फोटो काढायला हात हलवत होती.

"दिसाक नाय मी तेंका," आई म्हणाली. मग एकदम हळू, "आता बोट फुडे जातली."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातली पिशवी हिसकावून घेतली, तळात हात घातला, नारिंगी साडीची घडी झटक्यात मोडली, एक टोक माझ्या मुठीत कोंबलं आणि म्हणाली, "धर गो!" बाकीची साडी तिने कठड्यावरून वाऱ्यावर सोडली. साडेपाच मीटर! मग दोन्ही हातांनी ती वरखाली हलवू लागली.

बाबांचा कपाळावरचा हात खाली आला. त्यांनी पाहिलं होतं. आई हसली. लग्नाच्या फोटोतही ती अशी हसलेली नाही.

आता, दर्यावरचा प्रत्येक माणूस जाणतो, आणि मासेमारांवर पत्रकं लिहिणाऱ्या मुलीला तर माहीत असायलाच हवं होतं, की बोटीवरून कोणी फडकं वरखाली हलवलं तर त्याचा अर्थ 'मी इकडे आहे' असा होत नाही. त्याचा अर्थ 'आम्ही अडकलो, मदतीला या' असा होतो.

बाबांची होडी वळली. मागची वळली. त्यांच्या मागच्याही वळल्या. सात होड्या, इंजिनं पूर्ण वेगात सोडून, दहा मजली बोटीला वाचवायला निघाल्या!

डेकवर आरडाओरड. भोंगा वाजला. बोट हळू झाली. सोनेरी पट्ट्यांचा एक अधिकारी हातात वायरलेस घेऊन धावत आला. सुदैवाने मराठी होता. दुर्दैवाने मराठी होता, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं मला कळलं.

"हे काय आहे?" त्याने साडीकडे बोट दाखवलं.

"साडी," आई म्हणाली.

तेवढ्यात वायरलेसमधून आवाज आला, "काय झाला रे? इंजिन गेला? भिया नकात, दोरी आसा आमच्याकडे! ओढून मालवणाक नेतंव!"

अधिकाऱ्याने आपल्या दहा मजल्यांकडे पाहिलं, मग खालच्या होड्यांकडे पाहिलं. "कोणी ओढणार नाही! सगळं ठीक आहे! मागे व्हा!"

"फडक्या हलयल्यात कित्याक मगे?" दुसरा आवाज. "आमची जाळी थंयच रवली!"

आणि मग तिसरा आवाज, धाप लागलेला. "साहेब... माझी बायल आसा तुमच्या बोटीर. ती बरी आसा ना? येकदा सांगा."

अधिकारी थांबला. का कोण जाणे, त्याने तो वायरलेस आईपुढे धरला. आईला आधी कुठे तोंड धरायचं ते कळेना.

"अहो... बरी आसंय मी."

"साडी आत घे. भिजात."

"घेतंय." तिने साडीचं टोक कठड्यावरून आत ओढलं. "अहो, गाव बघलंय मी. माडांची येक काळी रेघ, बस. आपला घर दिसनाच नाय."

"कसा दिसतला? आज बल्ब लावक कोण आसा थंय?"

इतक्या अंतरावरून पडवीतला बल्ब दिसत नाही, हे मी छातीठोक सांगू शकते. पण तेव्हा मी साडीची घडी घालायला घेतली. अधिकारीही दुसरीकडे बघत होता.

"सुलोचनाक सांगा लावक," आई म्हणाली. "आणि भात टोपात आसा."

सात होड्या मागे राहिल्या. आई वळली ती सरळ खोलीत. पंधरा मिनिटांनी बाहेर आली ती नारिंगी साडी नेसून, पदराला समुद्राचं पाणी लागलेलं.

"आई, जेवायला काळं..."

"ती साडी सुलोचनाची. तिच्यार कालवण सांडला तर?"

दारात कोणी अडवलं नाही. काळ्या-पांढऱ्या त्या दालनात आई एकटी नारिंगी, जाळ्यावरच्या बावट्यासारखी, कुठूनही दिसेल अशी. लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. काळी पँट आणि पांढरा शर्ट घातलेल्या मला मात्र एका काकांनी चुटकी वाजवून सांगितलं, "दोन टोमॅटो सूप, जरा लवकर." मी वेतनाचा प्रश्न उपस्थित करणार होते. पण मागे पाहिलं तर रांगेतले सगळे वेटर माझ्यासारखेच दिसत होते, आणि खरं सांगायचं तर जास्त नीटनेटके. मी सूप आणून दिलं.

आता जेट्टीवर बाबांना रोज विचारतात, "काय रे, बायलेची बोट खंय अडाकली काय आज?" बाबा चिडत नाहीत. गेल्या रविवारी जाळं आवरता आवरता ते म्हणाले, "येतंस काय गे फाटफटी? खडकांपर्यंत जावन येवया."

आईने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "काय नेसू?"

मी तोंड उघडलं. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती दोघं गेली ती सांजेपर्यंत आलीच नाहीत. पडवीत मी एकटी. अंधार पडायला लागला तशी उठून बल्ब लावला आणि होड्या मोजत बसले. तीन... चार... आमची नाही. हे असं रोज, तीस वर्षं! यावर पत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले, कारण जाब कोणाला विचारायचा तेच सुचेना. आठवी होडी आमची होती. पुढच्या टोकाशी नारिंगी काहीतरी बसलं होतं.

तेव्हा वाचकहो, मागणी एकच आहे. तुमच्या घरी जी बाई काठावर थांबून इतरांना मोजत आली आहे, तिला आज, हा मजकूर वाचून झाल्या झाल्या विचारा, तुला कुठे जायचंय, आणि काय नेसून? ती सांगेल त्याला "पण" जोडू नका. तिला पाण्यावर न्या. फक्त एक सांभाळा, साडी तिच्या अंगावर असू द्या, हातात देऊ नका. आमच्या गावातल्या सात होड्या अजून दोरी घेऊन तयार आहेत, आणि या खेपेला त्या कोणाचं ऐकणार नाहीत.