उलटं वाचलेलं पुस्तक आणि चुकीची नाळ

८ डिसेंबर, रविवार. सोलापूर

गणपतीनंतर इथे एक ओळ लिहिली नाही. ज्यांनी मधे मधे येऊन बघितलं असेल त्यांची माफी मागते. कारण विचाराल तर धड काही नाही. लिहायला बसलं की वाटायचं, मिसळ कुठे चांगली मिळते यापलीकडे आपण आजवर कुणाला काय सांगितलं? आता मात्र माझ्याकडे एक नवीकोरी चूक आहे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू शकेल असं वाटतं.

चूक एका पुस्तकापासून सुरू होते. मळलेली वाट सोडून घाटवाटा उतरायच्या, तेही भाड्याने वाटाड्या न घेता, हे खूळ माझ्या डोक्यात दोन वर्षं आहे. आमच्याकडे सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या किल्ल्याची भिंत हीच काय ती उंची, त्यामुळे डोंगराची भूक जरा जास्त. पुण्याला गेले तेव्हा दुकानात उभी राहून तीन मार्गदर्शक पुस्तकं चाळली. पहिल्यात फोटो देखणे होते आणि प्रत्येक वाट 'अविस्मरणीय' होती. दुसऱ्यात शिलालेखांना चार पानं आणि वाटेला दोन ओळी. तिसरं दिसायला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं, पण त्यात लेखकाने जागोजागी लिहिलं होतं, 'इथे आम्ही चुकलो.' मी तिसरं घेतलं. हा सल्ला अजूनही देईन: जो लेखक कधीच चुकत नाही त्याचं पुस्तक घेऊ नका. छापलं कधी आणि वाट कोणत्या ऋतूत पाहिली, हेही बघा. बाकी माझे सल्ले जपूनच घ्यावेत, का ते पुढे कळेल.

सोबत कोण? श्रीशैल, म्हणजे माझा नवरा. समोर 'अहो', ब्लॉगवर एकेरी, त्याला चालतं. त्याचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण डोंगरावर तो एकदाही माझ्यासोबत आलेला नाही. या वेळी हो म्हणाला, तो अट घालून.

"हे एकदाच. जमलं तर पुढचं बोलू. न्हाईतर डोंगर तुझे, दुकान माझं. परत विषय काढायचा न्हाई."

मी कबूल झाले. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घरात आमची जेवणं बातम्यांच्या आवाजात होतात. त्यामुळे ही अट मला दिसायला हवी होती त्याहून मोठी दिसत होती.

तिसऱ्या महानंदाक्का, श्रीशैलची थोरली बहीण. अक्कलकोटला शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, काटक, आणि कुणाचीही वही हातात आली की तपासल्याशिवाय खाली न ठेवणाऱ्या.

शुक्रवारी पहाटे निघालो. टेंभुर्णीला चहा, मग इंदापूर, बारामती, सासवड, कापूरव्होळ करत वेल्ह्याकडे. कापूरव्होळपर्यंत रस्ता चांगला आहे, वेल्ह्याच्या पुढे शेवटचा तुकडा मात्र गाडीच्या नव्हे, बैलाच्या हिशोबाने केलेला. डबा घरचा: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कडक भाकरी आठवडाभर टिकते, वजनाला हलकी, आणि पिशवीत मोडली तरी ती मोडूनच खायची असते. डोंगरासाठी याहून चांगलं अन्न मला माहीत नाही. मुक्काम घाटमाथ्यावरच्या शेवटच्या गावात, एका घरी. माणशी पाचशे रुपये, त्यात दोन जेवणं आणि चहा. गावाचं आणि वाटेचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या भरवशावर कुणी तिकडे जाऊ नये.

आता चुकीकडे येते. पुस्तकाचा लेखक मुंबईचा. तो कोकणातून वर चढतो. आम्ही देशावरून जाणार, म्हणजे वरून खाली. त्यामुळे त्याचं सगळं वर्णन आम्हाला उलट्या क्रमाने लागणार आणि त्याचं डावं ते आमचं उजवं होणार. हे मला आधीच सुचलं याचा मला कोण अभिमान! पुस्तक खराब होऊ नये म्हणून मी त्या पानांची झेरॉक्स काढली, प्रत्येक डाव्या-उजव्यावर पांढरी शाई लावली आणि त्यावर काळ्या पेनाने छापल्यासारख्या अक्षरात उलटा शब्द लिहिला. मग पुन्हा झेरॉक्स काढली, म्हणजे खाडाखोड दिसायला नको. काम इतकं सुबक झालं की मूळ कोणतं आणि माझं कोणतं हे मलाही ओळखू येईना. हे मी कुणाला सांगितलं मात्र नाही. चांगलं काम बोलून दाखवू नये अशी माझी समजूत आहे. तिच्यावर फेरविचार चालू आहे.

शनिवारी सकाळी पठाराच्या कडेवर पोहोचलो. खाली कोकण धुक्यात, समोर एक प्रचंड शिळा, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी दोन नाळा सुरू होत होत्या. नाळ म्हणजे कड्यातली दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. यांतली एक खालच्या गावापर्यंत जाते. मी पाण्याच्या बाटल्या वाटून घेत होते, म्हणून कागद अक्कांच्या हातात दिला.

"शिळा कुठल्या हाताला ठेवायची म्हणतोय, अक्का?"

त्यांनी चष्मा वर केला, क्षणभर ओठ हलवले आणि ठामपणे म्हणाल्या, "उजव्या."

म्हणून आम्ही शिळेच्या डावीकडच्या नाळेत शिरलो.

पुढचे दोन तास मी पुस्तकावर निष्ठा कशी ठेवावी याचा आदर्श घालून देत होते. पुस्तकात म्हटलंय मोठे धोंडे, आणि इथे होते की! (कुठल्या नाळेत नसतात?) पुस्तकात म्हटलंय उंबराचं झाड. एक झाड आलं. मला उंबर ओळखता येतो, आणि तो उंबर नव्हता. पण मी म्हणाले, "पानं गळाली असतील." झाड पानांनी भरलेलं होतं. श्रीशैल मागून बसत, सरकत, दगडांना हात लावत येत होता.

"हितं बस थांबते का गं?"

"बोलू नका, दम लागेल."

"दम लागलाच हाय. म्हणून तर बोलतोय."

मग नाळ संपली. म्हणजे पुढे जमीनच नव्हती. पावसाळ्यात जिथून धबधबा पडत असणार अशी कोरडी, गुळगुळीत धार, आणि खाली बघितलं तर आमच्या दुकानाच्या गच्चीवरून खालचा रस्ता दिसतो तसं.

मी कागद उघडला. 'पुरुषभर उंचीचा सोपा टप्पा, दोन्ही हात वापरून उतरावा.'

"पुरुषभर?" अक्का वाकून बघत म्हणाल्या. "हा कुठला पुरुष?"

"मुंबईचा असंल," श्रीशैल म्हणाला. "तिकडं इमारती उंच असत्यात की."

मी हसले नाही. मी समजावू लागले. लेखक अनुभवी आहे, त्याला जे सोपं ते आपल्याला अवघड दिसणारच. यंदाच्या पावसात खालचे दगड वाहून गेले असतील, म्हणून टप्पा खोल झाला असेल. डाव्या अंगाला ती खाच दिसते ना, तिथे पाय ठेवायचा असणार. मी पोटावर पडून खाली बघितलं आणि ती खाच मला खरोखर पायरीसारखी दिसायला लागली. खरं सांगायचं तर मला ती तशी दिसायलाच हवी होती. इथून परत फिरायचं म्हणजे 'जमलं नाही', आणि जमलं नाही म्हणजे डोंगर माझे, दुकान त्याचं.

उठून बघते तर श्रीशैल खिसे रिकामे करत होता. मोबाइल, चष्म्याचं घर, पाकीट, आणि दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, जो तो सह्याद्रीतही सोबत घेऊन आला होता. सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं. कमरेला टॉवेल आवळला.

"धर हे. मी पहिला जातो. वजनदार माणूस टिकला तर तुमी दोघी टिकताल."

"अहो, पण तुम्हाला वाटतंय का हे जमेल?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू वाचलंयस. तू म्हणतीस तर उतरतो."

वीस वर्षं मी म्हणत आले होते की हा माणूस माझं ऐकत नाही. आता तो एका कड्याच्या टोकावर उभा राहून माझं ऐकत होता आणि माझ्या हातात त्याच्या किल्ल्या होत्या.

"नका उतरू," मी म्हणाले. "ही ती नाळ नाही. ते झाडही उंबर नव्हतं. मला मघाशीच कळलं होतं."

मग अक्का म्हणाल्या, "साकु." कानडीत 'पुरे'. आणि त्या वर चढायला लागल्या.

दोन तासांत उतरलो ते चढायला दुपार सरली. पाणी बेताचंच उरलं होतं, दर थांब्याला एकेक घोट. श्रीशैल मधे एकदा दगडाला पाठ टेकून डोळे मिटून इतका वेळ बसला की मी त्याच्या नाकापाशी हात नेला. "जिता हाय," तो डोळे न उघडता म्हणाला. उन्हं कलताना शिळेपाशी बाहेर पडलो. अक्का सरळ कागद घेऊन बसल्या, उत्तर चुकलेल्या मुलीची वही घेऊन बसावं तशा.

"ह्यात 'डाव्या हाताला' लिहिलंय. हा चढणारा माणूस. आपण उतरणारे. म्हणून मी उलटं करून उजव्या सांगितलं. बरोबर आहे माझं."

"अक्का, ते मी आधीच उलटं केलं होतं."

"कुठं?"

"घरी. पांढरी शाई लावून."

अक्कांनी कागद उजेडाकडे धरला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "ऋणाला ऋणाने गुणलं की धन. जन्मभर शिकवलं मी हे."

श्रीशैलला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो हसायला लागला, आणि हसता हसता शिळेला धरून खाली बसला. "दोघींनी एकेकदा फिरवलं! म्हणजे परत त्या मुंबईवाल्याचंच झालं की! एक बी.ए., एक बी.एड., आणि मी बारावी नापास, मी मधे निवांत मरणार होतो!" अक्काही हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा.

खालच्या गावात आम्ही गेलोच नाही. रात्री त्याच घरी परतलो. घरच्या मावशी म्हणाल्या, "आलासा व्हय परत? बरं झालं, बसा," आणि तवा चढवला. सकाळी निघून रात्री सोलापुरात.

या गोष्टीला आठवडा झाला. पुस्तकाचा राग नाही. लेखकाने जे लिहिलं ते बरोबरच होतं, आणि योग्य नाळेत तो टप्पा पुरुषभरच असणार. तुम्ही उलट्या बाजूने जाणार असाल तर छापील पान आहे तसं ठेवा, बदल वेगळ्या रंगात करा, आणि केलाय हे सगळ्यांना मोठ्याने सांगा. झाड ओळखता येत असेल तर स्वतःशी खोटं बोलू नका. एवढेच माझे सल्ले. यांतला शेवटचा मला पाळता येईल की नाही, याची खात्री नाही. त्या धारेवर मी आणखी किती वेळ समजावत राहिले असते, हे मला सांगता येत नाही, आणि रात्री पडल्यावर मी तेच मोजत बसते.

श्रीशैलच्या अटीबद्दल मी विचारलेलं नाही. तो दुकानात गिऱ्हाइकांना गोष्ट सांगतो. धबधबा रोज थोडा उंच होतो. आज संध्याकाळी पाय वर घेऊन बसला होता. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, उतरताना पुढे घासून.

"हे बूट शहरातले. पुढच्या खेपेला चालायचे न्हाईत," तो नखाकडे बघत म्हणाला, आणि बातम्यांचा आवाज कमी केला.

मी उठून पाणी आणून दिलं.

उद्या: नवी पेठेत जाऊन श्रीशैलच्या मापाचे डोंगरातले बूट बघणे.